पुस्तक उघडलं की धडधडतं, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय २१. शाळेत कायम पहिल्या तिनात. गेल्या सत्रात एका विषयात नापास झालो. घरी अजून सांगितलेलं नाही. फेरपरीक्षेला सात आठवडे आहेत. पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, मग फोन हातात घेतो आणि दिवस जातो. रात्री स्वतःला शिव्या देत पडून राहतो. आई-बाबा रागावत नाहीत, पण त्यांच्या अपेक्षा मला दिसतात. मी आळशी झालोय का? आणि ही नापास व्हायची भीती घालवायची कशी?"

वयानं तू माझ्या मुलाएवढा आहेस, म्हणून 'तू' म्हणते. गेली २२ वर्षं मी समुपदेशन करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलंमुली तुझ्या आसपासच्या वयाची असतात. त्यामुळे जे लिहिते आहे ते पुस्तकातलं थोडं आणि समोरच्या खुर्चीत बसलेल्यांकडून शिकलेलं जास्त.

आधी आळसाचं. आळशी माणूस काम टाळतो आणि मजेत असतो, त्याला झोप छान लागते. तू काम टाळतोस आणि दिवसभर त्याच कामाचं ओझं उरावर घेऊन बसतोस. फोन बघतानाही कान परीक्षेकडेच असतात. अभ्यासाला जेवढे कष्ट पडले असते त्याहून जास्त कष्ट तू रोज न करण्यात घालवतोयस. तेव्हा 'आळशी' हा शब्द टाकून दे. तो खोटा आहे आणि त्यानं नुकसानही होतं, कारण आळशाला करायचा उपाय घाबरलेल्या माणसावर केला की तो आणखी घाबरतो. रात्री स्वतःला शिव्या देणं म्हणजे नेमकं तेच.

पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट सरळच विचारते. आपण नसलेलंच बरं, जगून काय उपयोग, असे विचार येतात का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, बहुतेकांना उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात १५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणून हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत प्रत्येकाला विचारते. उत्तर 'हो' असेल, तर हे सगळं बाजूला ठेव आणि आजच्या आज एका माणसाला तोंडानं सांग, एकटा राहू नकोस, डॉक्टरांकडे किंवा तुझ्या भागातल्या मदतवाहिनीकडे जा. सात आठवड्यांनंतरची परीक्षा त्यापुढे काहीच नाही.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. गेले दोन आठवडे किंवा जास्त रोजच मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींतही चव राहिली नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर भीतीच्या आड नैराश्य असू शकतं. तसं असेल तर नुसत्या सल्ल्यानं भागत नाही, तपासून घ्यायला हवं. दुसरं, हा विषय तू स्वतः निवडलास की कुणी निवडून दिला, यानंही फरक पडतो. तिसरं पैशाचं. ज्याच्या एका वर्षावर घराचं कर्ज किंवा शिष्यवृत्ती अवलंबून आहे त्याची भीती निराधार नसते आणि त्याला 'काही होत नाही रे' म्हणणं हा त्याचा अपमान आहे. चौथं, घर कसं आहे. रागावत नाहीत असं तू लिहिलंस, त्यावर विश्वास ठेवून मी पुढे लिहिते. यातलं काही तुझ्याबाबतीत वेगळं असेल तर माझं उत्तर तेवढ्यापुरतं बदलेल.

तुझ्या प्रश्नात एक वाक्य सहज येऊन गेलंय: "शाळेत कायम पहिल्या तिनात." तू ते माहिती म्हणून लिहिलंस, मला मात्र दुखण्याचं मूळ तिथं दिसलं. बारा वर्षं 'मी कोण' या प्रश्नाचं उत्तर तुला दर परीक्षेनंतर छापून मिळत होतं. वेगळं शोधायची गरजच पडली नाही. हुशार म्हणून घरात जागा, हुशार म्हणून वर्गात जागा. मग एका निकालानं ते उत्तर खोडलं. खरं पाहता एका विषयात नापास झालेल्याचा तेवढा एक विषय कच्चा असतो. पण ज्याचं सगळं मोल गुणांच्या खुंटीला टांगलेलं आहे, तो खुंटी निसटली की अख्खाच खाली येतो.

आणि म्हणूनच मला वाटतं, तू भीतीला नाव चुकीचं दिलंयस. नापास तर तू झालेला आहेस. ते होऊन गेलं. आता जी धडधड होते ती या विचारानं: 'जीव तोडून अभ्यास केला आणि तरी नाही जमलं, तर?' आज निदान एक पांघरूण आहे, 'मी अभ्यासच केला नव्हता.' ते पांघरूण काढून परीक्षेला बसायचं, हे तुला नकोय. पुस्तक उघडणं म्हणजे ते काढायला सुरुवात करणं, म्हणून छाती नेमकी तेव्हाच धडधडते.

हे मी हवेत बोलत नाही. १९७८ साली स्टीव्हन बर्गलस आणि एडवर्ड जोन्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही कोडी सोडवायला दिली. काहींना सुटण्यासारखी, काहींना बहुतेक न सुटणारीच. ज्यांना न सुटणारी मिळाली ते अंदाजानं उत्तरं ठोकत राहिले, आणि तरीही त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही फार छान सोडवलंत. मग दुसरी तशीच चाचणी होणार होती, आणि त्याआधी दोन औषधांतलं एक निवडायचं होतं. एकानं म्हणे डोकं तल्लख चालतं, दुसऱ्यानं मंदावतं. औषधं नावापुरतीच होती. पण ज्यांना आपलं यश कशामुळे आलं हेच कळलं नव्हतं, त्यांच्यातले, विशेषतः मुलगे, डोकं मंद करणाऱ्या औषधाकडे जास्त वळले. म्हणजे पुढे अपयश आलं तर दोष औषधाचा, हुशारी शाबूत.

तुझ्या हातातला फोन त्या औषधाचं काम करतोय. आणि प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: घाबरले कोण, तर ज्यांना यश मिळालं होतं पण ते कसं मिळालं हे ठाऊक नव्हतं, ते. शाळेत न धडपडता पुढे राहिलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा हेच सांगतात. आतून त्यांना कायम वाटत असतं की हे कधीतरी संपणार आणि लोकांना कळणार. कौतुक ऐकलं की आनंदापेक्षा धाकच जास्त वाटतो, कारण पुढच्या वेळी तेवढंच द्यावं लागणार. तू शाळेत पहिल्या तिनात कसा यायचास, म्हणजे नेमकं काय करायचास, हे पाच ओळींत लिहून बघ. बऱ्याच जणांना तिसऱ्या ओळीपुढे जाता येत नाही.

आता रोज काय घडतं ते बघू. पुस्तक उघडलं, धडधड झाली, फोन घेतला, दोन मिनिटांत धडधड कमी झाली. तुझ्या मेंदूनं यातून काय शिकायचं? की पुस्तक धोक्याचं होतं आणि फोननं वाचवलं. उद्या तो तुला आणखी लवकर वाचवायला धावेल. परवा पुस्तकाची पिशवी दिसली तरी पुरेल. भीती टाळून आराम मिळतो आणि त्या आरामावरच भीती पोसली जाते. त्यामुळे 'भीती गेली की अभ्यासाला बसेन' हे कधीच घडत नाही. क्रम उलटा आहे. धडधड असतानाच थोडं काहीतरी केलं की ती पुढच्या वेळी थोडी कमी येते. मी कुणालाही आधी आत्मविश्वास देऊ शकलेले नाही. तो नंतर येतो, आणि तोही गाजावाजा न करता.

इथं कुणीतरी म्हणेलच, थोडा दबाव हवाच की, दबावाशिवाय कोण अभ्यास करतं? या बोलण्यामागे बहुतेक वेळा रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांचा १९०८ मधला प्रयोग असतो, सांगणाऱ्याला ठाऊक असो वा नसो. तो प्रयोग उंदरांवर केला होता. उजेडाची पेटी आणि काळोखाची पेटी यांतला फरक ओळखायला शिकायचं, चुकलं की विजेचा झटका. फरक ठळक होता तेव्हा झटका जितका जोराचा तितकं शिकणं लवकर. पण फरक बारीक केला, म्हणजे काम अवघड केलं, तेव्हा एका मर्यादेपुढचा झटका उलटा पडला, उंदीर उशिरा शिकले. सांगणारे पहिला अर्धा भाग सांगतात. तुझ्यापुढचं काम अवघड आहे. अशा कामाला धाकाचा डोस कमीच लागतो, आणि तो तुला केव्हाच जास्त झालाय.

मग करायचं काय. एक मुलगा सांगते, तपशील बदलून. तुझ्यासारखाच, एका विषयात नापास. तिसऱ्या भेटीला मी त्याला त्या पेपरच्या उत्तरपत्रिकेची प्रत आणायला सांगितली. त्यानं आणली ती चार घड्या घातलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी दप्तराच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात. पाच महिने ती त्याच्याकडे होती आणि त्यानं ती एकदाही उघडली नव्हती. घड्यांवर कागद पिवळा पडायला लागला होता. मी म्हटलं, इथंच उघडू, मी वाचणार नाही, तूच वाच. त्यानं पहिलं पान उलटलं, मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम म्हणाला, "हे दोन प्रश्न मी सोडवलेच नाहीत." चौदा गुणांचे दोन प्रश्न कोरे होते, आणि तो नऊ गुणांनी नापास होता. एका प्रश्नावर त्यानं चाळीस मिनिटं घालवली होती, कारण ते उत्तर त्याला परिपूर्ण लिहायचं होतं.

पाच महिने तो मुलगा 'मला हा विषय कळत नाही, बहुधा मला काहीच कळत नाही' असं समजून चालला होता. दुखणं वेळेच्या वाटणीत होतं. सगळ्यांचं असंच निघतं असं नाही. काहींच्या उत्तरपत्रिकेतून खरंच निघतं की पायाच कच्चा आहे, आणि मग दोन पायऱ्या खाली उतरून शिकावं लागतं. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी असते: 'मी' या जागी 'हे दोन प्रश्न' येतात. त्यांचं काहीतरी करता येतं.

म्हणून तुझं पहिलं काम अभ्यास हे नाहीच. उत्तरपत्रिका मिळवायची, मिळत नसेल तर प्रश्नपत्रिका समोर ठेवून आठवून लिहायचं: कोणता प्रश्न आला नाही, कोणता अर्धवट आला, कोणता येत असून वेळ संपला. एकट्यानं धीर होत नसेल तर एखाद्या मित्राला नुसतं शेजारी बसव. त्यानं बोलायची गरज नाही.

दुसरं काम, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचं: रोज थोडं थोडं चुकायचं. समजावून सांगते. घाबरलेली मुलं अभ्यासाला बसली की वाचत बसतात. धडा वाचला, पुन्हा वाचला, रंगीत पेनानं रेघा मारल्या. वाचताना सगळं येतं असं वाटतं, कारण उत्तर समोरच असतं, चुकायला वावच नाही. पुस्तक मिटून आठवायला बसलं की मात्र लगेच कळतं काय येत नाही, आणि ते कळणं बोचतं. म्हणून भीती आपल्याला वाचनाकडे ढकलते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा शिकायचा होता. एका गटानं तो चार सत्रांत वाचतच राहायचं, दुसऱ्यानं पहिल्या सत्रात वाचायचं आणि उरलेल्या तिन्हींत न बघता आठवून लिहायचं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि आपल्याला पुढे किती आठवेल याचा अंदाज विचारला, तेव्हा जास्त भरवसा वाचणाऱ्यांना होता. हा प्रयोग मी मुलांना नेहमी सांगते, कारण त्यातून अभ्यासाची रीत कळते आणि भीतीवरचा इलाजही तोच निघतो. पुस्तक मिटून आठवणं म्हणजे दारं लावून, कुणी बघत नसताना, छोटंसं नापास होणं. असं वीस-तीसदा नापास झालेला माणूस परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा नापास होत नाही.

कसं करायचं: वीस मिनिटांचा गजर लाव. फोन दुसऱ्या खोलीत, बंद करून. खिशात, आवाज बंद करून नव्हे. घाबरलेला हात सवयीनं खिशाकडे जातो. आठ मिनिटं वाच. पुस्तक मीट. कोऱ्या कागदावर जे आठवतं ते लिही, मोडकंतोडकं चालेल. मग पुस्तक उघडून ताड. गजर वाजला की ऊठ, आणखी बसावंसं वाटलं तरी ऊठ. पहिले चार दिवस दिवसातून दोनदाच. हे फारच थोडं आहे, सात आठवडे उरलेत, असं तुझं मन ओरडेल. सध्या तू शून्य मिनिटं करतोयस हे त्याला सांग. पाचव्या दिवसापासून तीनदा, मग चारदा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं वेळापत्रक अकरा वेळा केलं होतं, तासातासाचे रंग वेगळे, आणि एकही दिवस पाळला नव्हता. दहा तासांचं वेळापत्रक मोडलं की पुन्हा नापास झाल्याची भावना, आणि वीस मिनिटांचं सहसा मोडत नाही. म्हणून वीस.

त्याच कागदावर वर कोपऱ्यात सुरुवातीलाच एक अंदाज लिही: 'आज मला दहापैकी दोन मुद्दे आठवतील', किंवा 'पाच मिनिटांत मी उठून जाईन'. शेवटी खरं काय झालं ते शेजारी लिही. पंधरा दिवसांनी हे कागद एकाखाली एक ठेवले की दिसतं, तुझी भीती अंदाज वर्तवण्यात किती कच्ची आहे. कधीकधी तिचा अंदाज बरोबरही निघेल, तेही प्रामाणिकपणे लिही. पुढे काय वाटेल याचे अंदाज आपण सगळेच चुकवतो. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापकांना विचारलं होतं, कायम नोकरी नाकारली गेली तर पुढची वर्षं कशी जातील? त्यांनी जेवढं दुःख सांगितलं, तेवढी दुःखी ज्यांना प्रत्यक्षात नोकरी नाकारली गेली होती ती माणसं नव्हती. वाईट वाटत नाही असं नाही. वाटतं, पण ते आपण समजतो त्याहून लवकर ओसरतं, कारण माणूस सावरतो हे आपण हिशोबात धरत नाही.

आता घरचं. तुझ्या प्रश्नातलं मला सगळ्यांत जड वाटलेलं वाक्य हे होतं: "घरी अजून सांगितलेलं नाही." अपयशाचं ओझं एकदा पेलता येतं, पण लपवलेल्या अपयशाचं ओझं रोज नव्यानं उचलावं लागतं. प्रत्येक फोनवर, प्रत्येक 'अभ्यास कसा चाललाय' ला. माझा अनुभव असा की सांगितल्यानंतरच्या आठवड्यात मुलं जास्त अभ्यास करतात, निव्वळ तेवढी ताकद मोकळी होते म्हणून.

एका मुलीनं माझ्यासमोर बसून घरी फोन लावला होता. तिनं वाक्यं कागदावर लिहून आणली होती आणि कागद हातात थरथरत होता. "आई, मी गेल्या सत्रात एका विषयात नापास झालेय. फेरपरीक्षा आहे, तयारी सुरू केलीय. तुला ओरडून घ्यायचंय तर घे, पण आज नको." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आईनं विचारलं, "कधीपासून माहितीय तुला?" आठ महिने, असं हिनं सांगितलं. आई रडायला लागली, ती नापास झाल्याबद्दल नव्हे. आठ महिने पोरगी एकटीनं हे घेऊन फिरली, याचं तिला लागलं होतं.

सगळे फोन असे होत नाहीत. एका मुलाचे वडील तीन आठवडे त्याच्याशी बोलले नाहीत. ते तीन आठवडे वाईट गेले. तरी तो नंतर म्हणाला की सांगायच्या आधीचे महिने जास्त वाईट होते. ज्या घरात हात उगारला जातो किंवा शिक्षण बंद करायची धमकी खरी असते, तिथं मी आधी सांगायला लावत नाही. तिथं आधी एखादा मामा, मोठी बहीण, शिक्षक असा मधला माणूस शोधायचा. तुझं घर तसं दिसत नाही, तेव्हा तू सांग. चार गोष्टी बोल: काय झालं, पुढची तारीख काय, मी काय करतोय, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. चौथी विसरू नकोस. आईबापांना काही करायला दिलं नाही की ते काळजी करायला घेतात. 'रोज विचारू नका, मी रविवारी आपणहून सांगेन', एवढं सांगितलंस तरी त्यांना धरायला काहीतरी मिळेल.

आणि त्यांच्या डोळ्यांतल्या अपेक्षा. असतील. पण तू त्या वाचतोयस घाबरलेल्या डोळ्यांनी, हेही लक्षात घे. गप्प बसलेल्या बापाच्या मनात 'पोरगं खंगलंय, विचारू की नको' हे चाललेलं असतं आणि पोराला तिथं 'तू निराशा केलीस' ऐकू येतं, असं मी किती वेळा पाहिलंय. काही वेळा अपेक्षा खरोखरच जाचक असतात, तेही पाहिलंय. कोणतं खरं हे विचारल्याशिवाय कळत नाही. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४० हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांच्या परिपूर्णतेच्या हट्टाची माहिती एकत्र करून पाहिली. 'इतरांना माझ्याकडून परिपूर्णताच हवी आहे' असं वाटण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त वाढलेलं दिसलं. तेव्हा ही पिढीच नाजूक, असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. एवढ्या मुलांना एकाच दिशेनं ओझं वाटायला लागलं, तर तपासायला हवं ते ओझं.

हे वाचणाऱ्या आईवडिलांनाही एक सांगते. 'आम्ही कधी दबाव टाकला नाही' हे तुमचं म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं. पण निकालाच्या दिवशी घर कसं उजळतं आणि एरवी कसं असतं, हे मूल बघत असतं. गुणांखेरीज दुसऱ्या कशासाठी त्याचं कौतुक शेवटचं कधी केलंत, ते आठवून बघा. आठवायला वेळ लागत असेल तर सुरुवात तिथून करा.

सगळं करूनही पुन्हा नापास झालास तर? हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण रात्री तोच जागा ठेवत असणार. होऊ शकतं. मी खात्री देणार नाही. अपयशातून मोठ्या झालेल्या माणसांच्या गोष्टीही मी सांगत नाही. त्या गोष्टी ऐकून असं वाटतं की अपयश माफ होतं ते पुढे मोठं यश आणलं तरच, आणि मग तेही एक नवं कर्ज होऊन बसतं. त्यापेक्षा एका शांत संध्याकाळी हे लिहून काढ: पुन्हा नापास झालो तर नेमकं काय होईल? किती महिने जातील? पुढची संधी कधी? फी किती, कोण भरेल? कोणता रस्ता खरंच बंद होतो आणि कोणता फक्त लांबतो? अर्धी उत्तरं तुला आत्ता माहीत नसतील, ती कॉलेजच्या कार्यालयात विचारून आण. अंधारातली भीती आणि कागदावरची अडचण यांत फार फरक असतो. कागदावरची अडचण गंभीर असली तरी तिला लांबी-रुंदी असते.

परीक्षेच्या दिवसापुरतं थोडं. धडधड होणारच, ती झाली म्हणजे काही बिघडलं असं समजू नकोस. पेपर हातात आला की आधी प्रत्येक प्रश्नापुढे त्याची मिनिटं लिही आणि ती संपली की उत्तर अर्धं सोडून पुढे जा. पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवून काढायची, ही रीत काही जणांना फार उपयोगी पडते, काहींना नाही. एखाद्या सराव पेपरला करून बघ, जमली तर ठेव.

चार आठवडे असं करूनही पुस्तकाजवळ जाता येत नसेल, किंवा मी वर लिहिलेली उदासी असेल, तर समोरासमोर कुणाला तरी भेट. अनेक कॉलेजांत समुपदेशक असतात, आणि तिथं काय बोललास हे निकालावर किंवा दाखल्यावर येत नाही. जाताना तेही स्पष्ट विचारून घे.

उद्या सकाळी एवढंच कर: उत्तरपत्रिकेसाठी अर्ज दे, आणि येताना एक साधी वही घे. पहिल्या पानावर तारीख घाल, आजचा अंदाज लिही आणि गजर लाव. घरी सांगायचा दिवसही ठरव, या आठवड्यातलाच. चौथ्या दिवशी काय झालं ते इथं लिही. जमलं नसेल तरी लिही, मी वाचणार आहे.